इवलासा एपिशुरा आणि कागदाचा कारखाना

बालमित्रांनो, हा लेख वाचायच्या आधी एक काम करा. दप्तरातली एखादी नवी वही काढा आणि तिचं कोरं पान उघडा. कसं पांढरंशुभ्र आहे ना? आता अंगणात जाऊन एखादं वाळकं लाकूड बघा, नाहीतर रस काढून टाकलेलं उसाचं चिपाड बघा. रंग कसा? पिवळट, तपकिरी. कागद तर याच लाकडापासून, याच चिपाडापासून होतो. मग तो पांढरा कसा झाला?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला होता. मुलांनी बरीच डोकी चालवली. कुणी म्हणालं, चुना लावतात. कुणी म्हणालं, पांढरा रंग देतात. शेवटी मी सांगितलं, "अरे, कपडे धुतात तसा लगदा धुतात. पुन्हा पुन्हा धुतात."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मग धुतल्यावर ते पाणी कुठं टाकतात?"

मुलांना शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली. पण इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. घंटा झाली म्हणून मी त्या दिवशी सुटले! पण उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते शोधता शोधता मी कुठल्या कुठे जाऊन पोचले, ते आज तुम्हांला सांगते.

आधी कागद कसा होतो ते थोडक्यात बघू या.

लाकूड, बांबू, गवत, उसाचा चोथा या सगळ्यांत बारीक बारीक तंतू असतात. त्या तंतूंचा मुख्य पदार्थ म्हणजे सेल्युलोज. हे तंतू पाण्यात मोकळे करायचे, एकमेकांत गुंतवायचे, दाबायचे आणि वाळवायचे, की झाला कागद. पण झाडाच्या अंगात हे तंतू मोकळे नसतात. लिग्निन नावाच्या पदार्थानं ते डिंकानं चिकटवावेत तसे घट्ट चिकटलेले असतात. म्हणून तर झाड वाऱ्यापावसात ताठ उभं राहतं. लाकडाचा साधारण चौथा हिस्सा हे लिग्निनच असतं. झाडाला ते हवं असतं, कागदवाल्याला मात्र ते नको असतं.

मग तो काय करतो? लाकडाच्या ढलप्या करून त्या मोठमोठ्या बंद भांड्यांत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड घालून शिजवतो. आपल्या घरचा कुकरच म्हणा ना, फक्त दोनतीन मजले उंच! लिग्निन विरघळतं आणि काळाकुट्ट द्रव तयार होतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास असतो. काळा द्रव निथळून टाकला तरी लगदा तपकिरीच राहतो. उरलंसुरलं लिग्निन काढून तो पांढरा करायला कितीतरी वर्षं जगभर क्लोरीन वापरत असत. हाच क्लोरीन नळाचं पाणी शुद्ध करायला चिमूटभर वापरतात. कारखान्यात मात्र तो चिमटीनं नाही, टनांनी लागायचा. आणि प्रत्येक पायरीला धुणं आलंच. म्हणून कागदाचा कारखाना नेहमी भरपूर पाण्याच्या काठी असतो.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की ते पाणी पुन्हा नदीत नाहीतर तळ्यात जातं. साफ करून सोडलं तर बरं. तसं न करता सोडलं, तर त्यात सुटलेले तंतू असतात, लिग्निन असतं, लाकडातली साखर आणि राळ असते, सोडा असतो, आणि क्लोरीन व लिग्निन यांच्या संयोगातून तयार झालेले विषारी पदार्थही असतात.

मग त्यानं मासे मरत असतील, असं तुम्ही म्हणाल. मरतात, खरं आहे. मेलेला मासा पोट वर करून तरंगतो, तो सगळ्यांना दिसतो. पण माशाच्या कितीतरी आधी ज्यांच्यावर संकट येतं, ते कुणाला दिसतच नाहीत. आज त्यांची गोष्ट सांगायची आहे.

मी काय केलं, गावतळ्यातलं पाणी एका स्वच्छ बरणीत भरून शाळेत आणलं. बरणी खिडकीत उजेडाला ठेवली. मुलं म्हणाली, "यात तर काहीच नाही!" मी म्हटलं, "दोन मिनिटं गप्प बसून बघा." हळूहळू एकेकाला दिसायला लागलं. रव्याच्या कणासारखे पांढरट ठिपके. नुसते तरंगत नव्हते. टुणकन उडी, मग थोडं खाली, पुन्हा टुणकन उडी!

ही पाणपिसू. हिचं इंग्रजी नाव डॅफ्निया. डॅफ्निया आणि तिच्या बहिणी जगभरच्या तळ्यांत आढळतात. पिसू म्हटलं तरी ती चावत नाही हं. नात्यानं ती कोळंबी-खेकड्यांच्या कुळातली. लांबी एक ते तीन मिलिमीटर. अंग काचेसारखं आरपार दिसणारं. सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिचं धडधडणारं हृदय दिसतं, हिरव्या शेवाळानं भरलेलं आतडं दिसतं, पाठीवरच्या कप्प्यातली पिल्लंसुद्धा दिसतात. तिच्या पायांवर दाट केस असतात. पाय हलवत ती पाण्याचा प्रवाह ओढते आणि त्या केसांच्या गाळणीत अडकलेलं बारीक शेवाळ खाते. म्हणजे खाता खाता ती तळंही साफ करते.

बरणीत आणखी एक पाहुणा होता. पेरूच्या बीएवढाही नाही, कपाळावर एकच डोळा आणि बाईमाणूस असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. हा सायक्लॉप्स. तुमच्या आजी-आजोबांना 'नारू' विचारा, ते याची हकिकत सांगतील. विहिरीच्या पाण्यातून सायक्लॉप्स पोटात जायचा, त्याच्या अंगात नारूचं पिल्लू असायचं आणि वर्षभरानं माणसाच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर पडायचा. पाणी फडक्यानं गाळून प्यायला लोकांना शिकवलं, विहिरी सुधारल्या आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण सायक्लॉप्सचा स्वतःचा काही दोष नव्हता बरं का. तोही बिचारा नारूचा रोगीच.

आता या इवल्या जिवांच्या पाण्यात कागदाच्या कारखान्याचं न धुतलेलं सांडपाणी आलं, तर काय होतं बघा.

पाणी चहासारखं तपकिरी होतं. वरून फक्त रंग बदललेला दिसतो. पण ऊन खोल पोचत नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळ वाढत नाही. शेवाळ नाही म्हणजे पाणपिसूच्या ताटात काही नाही. त्यातून कागदाचे सुटलेले तंतू तिच्या गाळणीत अडकतात. तुम्ही चहाच्या गाळणीतून ताक-भात गाळायला गेलात तर काय होईल? तसंच. पाय हलवून हलवून ती दमते, पोटात मात्र काही जात नाही.

दुसरं संकट प्राणवायूचं. सांडपाण्यातली साखर आणि बाकीचा मऊ कचरा म्हणजे जिवाणूंना मेजवानीच! ते झपाट्यानं वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. दगडाखाली राहणारी मे-माशीची पिल्लं, काड्या-वाळूचं घर अंगावर घेऊन फिरणाऱ्या कॅडिस-माशीच्या अळ्या, अशा नाजूक मंडळींचा जीव गुदमरतो. मग तिथं कोण उरतं? लाल अळ्या आणि ट्युबिफेक्सचे लाल किडे. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून तेच मिळतात. त्यांच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून थोड्या प्राणवायूवरही त्यांचं भागतं. पाणपिसूसुद्धा प्राणवायू कमी झाला की अंगात हिमोग्लोबिन वाढवते आणि गुलाबी दिसायला लागते. गुलाबी पाणपिसू दिसायला फार सुंदर, पण ते काही सुखाचं लक्षण नव्हे.

म्हणून नदी तपासणारे लोक नुसतं 'किती किडे आहेत' असं विचारत नाहीत. 'किती जातींचे आहेत' असं विचारतात. चांगल्या पाण्यात जाती पुष्कळ असतात आणि प्रत्येकीचे थोडे थोडे जीव असतात. बिघडलेल्या पाण्यात जाती दोनचारच, पण त्यांची झुंबड!

तिसरं संकट विषाचं. चीड-देवदारासारख्या लाकडातल्या राळेतली आम्लं पाण्यातल्या जिवांना विषारी असतात, आणि क्लोरीनमुळे झालेले पदार्थ तर फार टिकाऊ. आता गंमत अशी, की विष म्हटलं की आपल्याला वाटतं, प्यायला आणि मेला. पण पुष्कळदा तसं होत नाही. पाणपिसू जगते, उड्याही मारते, फक्त तिला पिल्लं कमी होतात. नाहीतर उशिरा होतात. तळ्यात आज सगळं ठीक दिसतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तळं सुनं होतं.

हे ओळखायला शास्त्रज्ञांनी पाणपिसूलाच परीक्षक नेमलं आहे. एका दिवसापेक्षाही लहान अशी निदान वीस पिल्लं घेतात. सांडपाण्यात कमी-जास्त साधं पाणी मिसळून त्याचे वेगवेगळे नमुने करतात आणि प्रत्येक नमुन्यात अशी वीस-वीस पिल्लं सोडतात. एक भांडं नुसत्या चांगल्या पाण्याचं. अठ्ठेचाळीस तासांनी भांडं हलकेच हलवायचं आणि पंधरा सेकंद बघायचं. किती जणी पोहल्या, किती जणी तशाच पडून राहिल्या? दुसरी परीक्षा एकवीस दिवसांची. तिच्यात पिल्लं मोजतात. मोठमोठ्या यंत्रांना पाण्यात कुठला पदार्थ किती आहे ते कळतं. पण त्या सगळ्यांचं मिळून जिवाला काय होतं, ते सांगायला जीवच लागतो. त्या बिचारीला या नोकरीबद्दल कुणी विचारलं नाही, हेही खरंच.

हे झालं भांड्यातलं. पण खऱ्याखुऱ्या मोठ्या पाण्यात काय होतं? त्यासाठी तुम्हांला माझ्याबरोबर खूप लांब यायला हवं. रशियात, सैबेरियामध्ये, बैकल सरोवरावर. इतक्या लांब का, ते पुढे कळेलच.

भूगोलात बैकलचं नाव तुम्ही वाचलं असेल. जगातलं सर्वांत खोल सरोवर. किती खोल? १६४२ मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच. म्हणजे तेवढा डोंगर उचलून बैकलच्या सर्वांत खोल जागी उभा केला, तर वर फक्त चार मीटरचा माथा दिसेल! जेमतेम देऊळ कोरडं राहील. सरोवराची लांबी ६३६ किलोमीटर आणि वय अडीच कोटी वर्षं. पृथ्वीच्या पाठीवर बर्फ न झालेलं जेवढं गोडं पाणी आहे, त्याचा साधारण पाचवा हिस्सा या एका सरोवरात आहे. आणि ते इतकं नितळ, की काही वेळा चाळीस मीटर खोलपर्यंत दिसतं.

एवढं मोठं सरोवर इतकं नितळ कसं? त्याला बरीच कारणं आहेत, पण त्यातलं एक कारण दीड मिलिमीटर लांबीचं आहे. त्याचं नाव एपिशुरा. आपल्या सायक्लॉप्सचा हा लांबचा भाऊ. तो थंड पाण्यातला प्राणी आणि बैकलचाच खास रहिवासी. सरोवराच्या पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांचं एकत्र वजन केलं, तर त्यात कधी कधी नव्वद टक्क्यांपर्यंत वजन एकट्या एपिशुराचं भरतं. रात्रंदिवस तो शेवाळ आणि जिवाणू गाळून खात असतो. त्याला खातात ओमुल मासे, आणि माक्रोहेक्टोपस नावाची पाण्यात तरंगत राहणारी बारीक कोळंबी. तिला खातो गोलोम्यान्का. हा मासाही काचेसारखा आरपार दिसतो आणि अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो. आणि गोलोम्यान्काला खातो बैकलचा सील, ज्याला तिथले लोक नेर्पा म्हणतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर, गोड्या पाण्यात राहणारा सील! म्हणजे गुबगुबीत नेर्पा ज्या शिडीच्या वरच्या पायरीवर बसला आहे, तिची खालची पायरी हा एपिशुरा.

आता कारखान्याकडे वळू या. सोव्हिएत सरकारला विमानांच्या टायरमध्ये घालायच्या मजबूत धाग्यासाठी अतिशय शुद्ध सेल्युलोज हवं होतं. ते करायला तितकंच शुद्ध पाणी हवं. असं पाणी कुठे? बैकलमध्ये. म्हणून सरोवराच्या दक्षिण काठावर बैकल्स्क इथे १९६६ साली सेल्युलोज आणि कागदाचा कारखाना सुरू झाला. पाणी शुद्ध म्हणून कारखाना आला आणि पाणी शुद्ध राहील का, हा प्रश्नही त्याच्याबरोबरच आला. त्या काळी तिथे सरकारविरुद्ध बोलणं सोपं नव्हतं. तरी शास्त्रज्ञ ग्रिगोरी गलाझी बोलले, आणि पुढे लेखक व्हालेन्तिन रास्पुतिन यांनीही बैकलची बाजू घेऊन लिहिलं.

आणखी एक माणूस होता, मिखाईल कोझोव्ह. इर्कुत्स्कच्या विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी काय केलं, १९४५ साली, म्हणजे कारखान्याच्या कितीतरी आधी, बोल्शिये कोती या गावाजवळ सरोवरात एक जागा ठरवली. तिचं नाव 'ठिकाण क्रमांक एक'. दर सातदहा दिवसांनी तिथे जायचं, जाळी पाण्यात खोल सोडायची, वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढायचं, त्याची उष्णता मोजायची आणि त्यातले शेवाळाचे कण नि एपिशुरासारखे प्राणी मोजून वहीत लिहायचे. उन्हाळ्यात होडीनं. हिवाळ्यात बैकल गोठतं, मीटरभर जाडीचा बर्फ होतो. मग त्या बर्फाला भोक पाडून! थंडी शून्याखाली वीस अंश आणि त्याहूनही कमी.

तेव्हा कोझोव्ह पंचावन्नच्या घरात होते. १९६८ साली ते वारले. पण मोजणी थांबली नाही. त्यांची मुलगी ओल्गा कोझोव्हा हिनं ती पुढे चालवली. २००० साली ती गेली, तेव्हा तिची मुलगी ल्युबोव्ह इझमेस्त्येवा हिनं वही हाती घेतली. आजोबा, आई आणि नात! आपल्याकडे गाण्याच्या घराण्यात असं असतं. इथे एपिशुरा मोजायचं घराणं झालं.

मग त्या मोजणीत काय दिसलं? तुम्हांला वाटेल, कारखाना आला आणि सगळे एपिशुरा मेले. तसं झालं नाही. खोटं कशाला सांगू? बैकलच्या अफाट पाण्यात सांडपाणी पातळ होऊन जाई. शिवाय ते साफ करायची यंत्रणाही त्या कारखान्यात होती. मोठा फरक पडला तो सांडपाणी जिथं सोडत होते त्याच्या आसपास. तिथल्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यांमध्ये बदल झाले. बैकलमध्ये गॅमरस कुळातले झिंग्यासारखे प्राणी तीनशेहून जास्त जातींचे आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. अशा ठिकाणी थोडासा तुकडा बिघडला तरी तो थोडका नसतो.

एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८७-८८ मध्ये बैकलच्या काठाला मेलेले नेर्पा लागू लागले. एक नाही, दोन नाही, हजारो. लोक म्हणाले, हा कारखान्याचाच प्रताप. शास्त्रज्ञांनी तपासलं, तर कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. म्हणजे या खुनात कारखाना सापडला नाही! कुणावर कितीही राग असला तरी आधी तपासायचं आणि मग बोट दाखवायचं. आमच्या वर्गात पेन्सिल हरवली की मी हीच गोष्ट सांगते.

कोझोव्हांच्या वह्यांचा उपयोग मात्र कुणाला स्वप्नातही वाटला नसेल असा झाला. २००८ साली साठ वर्षांचे आकडे एकत्र करून छापले गेले. त्यात दिसलं, की सरोवराचं वरचं पाणी १९४६ पासून १.२१ अंश सेल्सिअसनं तापलं आहे. आणि पाणपिसूच्या कुळातले प्राणी, ज्यांना थोडं कोमट पाणी मानवतं, ते तिपटीहून जास्त वाढले आहेत. थंडीच्या लाडक्या एपिशुराच्या घरात हळूहळू दुसरं बिऱ्हाड शिरतंय, हे एका वर्षाच्या मोजणीत कुणाला कधीच कळलं नसतं.

आणि कारखान्याचं काय झालं? २००८ साली सरकारनं सांगितलं, सांडपाण्याचा एक थेंबही सरोवरात सोडायचा नाही, आतल्या आत फिरवा. तसं करून पांढरा सेल्युलोज काही काढता येईना. कारखाना थांबला. मुलांनो, इथे थोडं थांबून विचार करा हं. बैकल्स्क गाव त्या कारखान्यावरच उभं होतं. शेकडो घरांतले आई-बाबा एका दिवसात घरी बसले. गावातली घरं ऐन थंडीत गरम ठेवायची ऊबसुद्धा कारखान्याच्या वीजघरातूनच यायची. मग लोकांनी 'कारखाना चालू करा' म्हणून मागणी केली. त्यांना काय बैकल नको होतं? २०१० साली नियम बदलून कारखाना पुन्हा सुरू झाला, आणि २०१३ मध्ये कायमचा बंद पडला. मागे राहिला तो लिग्निनचा गाळ. काठाजवळच्या मोठमोठ्या खड्ड्यांत साठवलेला, सुमारे साठ लाख टन! तो हलवायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं.

कारखाना गेला म्हणून बैकल सुटलं असंही नाही. त्याच सुमाराला काठाकाठानं हिरव्या शेवाळाचे गालिचे वाढू लागले, पाण्याखालचे स्पंज आजारी पडू लागले. शेवाळ वाढण्याचं एक मोठं कारण म्हणजे काठच्या गावांचं, हॉटेलांचं न धुतलेलं सांडपाणी. म्हणजे आपल्यासारख्याच लोकांच्या मोरीचं पाणी.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तेव्हा मघाचीच ती मुलगी म्हणाली, "बाई, मग आम्ही वहीत लिहायचंच नाही का?"

मी म्हटलं, "बाळ, कोझोव्ह आजोबांनीसुद्धा कागदावरच लिहिलं ना!" कागद लागणारच. पण कागद करायच्या रीती बदलता येतात आणि पुष्कळ बदलल्याही आहेत. १९८० नंतरच्या दशकात क्लोरीनमुळे डायॉक्सिन नावाचं भयंकर विष तयार होतं, असं लक्षात आलं. तेव्हापासून पुष्कळ कारखान्यांनी नुसता क्लोरीन सोडून क्लोरीन डायॉक्साइड, प्राणवायू, ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड असे दुसरे उपाय घेतले. मोठे कारखाने तो काळा द्रव आटवून जाळतात. त्यातून वाफ मिळते, वीज मिळते आणि सोडाही परत मिळतो. लहान कारखान्यांना ती यंत्रं परवडत नसत, म्हणून एखादा लहानसा कारखानाही कधी कधी नदीला फार जड जायचा. रद्दीपासून कागद केला, तर लाकूड शिजवावंच लागत नाही. आणि सगळाच कागद पांढराफेक कशाला हवा? तुमची कच्ची वही थोडी पिवळट असली म्हणून बेरीज चुकते का? पालकांनो, शाळा सुरू होताना दुकानात हे जरूर आठवा.

आमच्या तळ्याजवळ कागदाचा कारखाना नाही. पण कोझोव्ह यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा बैकल्स्कला तरी कुठे होता? म्हणून आम्ही एक जुनी, अर्धी कोरी वही घेतली आणि तिच्यावर लिहिलं, 'ठिकाण क्रमांक एक, गावतळे, घाटाची तिसरी पायरी'. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि तीन मुलं जातो. एकटं कुणी जायचं नाही हा नियम आहे. तुम्हीही मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका. एक पांढरा प्लास्टिकचा डबा, एक भिंग, आईचं जुनं ओढणीचं फडकं आणि पेन्सिल एवढंच सामान. एक लिटर पाणी फडक्यातून गाळायचं, फडकं डब्यातल्या थोड्या पाण्यात झटकायचं आणि मोजायचं. मोजून झालं की सगळ्यांना परत तळ्यात सोडायचं आणि साबण लावून हात धुवायचे. साबणाचं पाणी तळ्यात नाही हं टाकायचं!

मोजताना भांडणं फार होतात. "ही तू दोनदा मोजलीस," "ती मेलेली आहे," "नाही, आत्ता हलली." दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसरा मोजतो. तरीही जुळले नाहीत, तर तिन्ही आकडे लिहितो. खोडरबर वापरायचं नाही, असं ठरवलं आहे.

गेल्या शनिवारची नोंद त्या मुलीच्याच अक्षरात आहे. तारखेखाली लिहिलंय : 'पाऊस पडून गेला. पाणी गढूळ. पाणपिसू ११. सायक्लॉप्स ४. लाल अळ्या ० (नीट बघितलं). एक काहीतरी होतं ते कळलं नाही, त्याचं चित्र मागच्या पानावर काढलं आहे.'